अर्धी फवारणी आणि अर्धा इलाज

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून या मांडवात कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीककर्जावर झाले, विम्यावर झाले. आता जेवणानंतर आम्ही खोकल्यावर बोलणार आहोत असे सांगितले, तर मागच्या रांगेतले चार जण तंबाखू मळायला बाहेर पडतील. भाऊ, पडू नका. आम्ही शेतकीचे पदवीधर, डॉक्टर नाही. नाडी आम्हाला कळत नाही. पण बोंडअळी कळते, औषधाची मात्रा कळते आणि शेतकऱ्याचे घर कोणत्या खर्चाने बसते हे चळवळीत फिरताना डोळ्यांनी पाहिले आहे. जे सांगायचे ते एवढ्याच भांडवलावर.

विषय क्षयरोगाचा आहे. आपण टीबी म्हणतो. जगातल्या दर चार क्षयरोग्यांमागे सुमारे एक आपल्या देशात आहे. २०२५ पर्यंत देशातून क्षय घालवू, असे दिल्लीतून २०१८ मध्ये जाहीर झाले होते. ते साल आले, क्षय गेला नाही. का गेला नाही, याची कारणे पुष्कळ आहेत. त्यातल्या एकाच कारणावर आज बोलतो, कारण ते आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेत बसलेले आहे. आपला माणूस खोकला झाला की पहिल्यांदा जातो खासगी दवाखान्यात, आणि सरकारचा क्षयरोगाचा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालला फक्त सरकारी दवाखान्यात. दोघांची गाठ पडली नाही. मधल्या धुऱ्यावर रोगी पडून राहिला.

एका कार्यकर्त्याची गोष्ट

आमचा एक कार्यकर्ता आहे. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. सहा एकर कोरडवाहू. अर्ध्यात पऱ्हाटी, अर्ध्यात ज्वारी आणि तूर. दिवाळीनंतर वेचणी लागली आणि त्याला खोकला सुरू झाला. आम्ही हिवाळी दौऱ्यावर होतो. काचा लावलेल्या जीपमध्ये तो आमच्या मांडीला मांडी लावून बसत होता आणि रात्रभर खोकत होता. आम्ही काय म्हणालो? "काही नाही रे, रुईची धूळ गेली असेल." तोही म्हणाला, "हो भाऊ, रुईच आहे." कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या माणसाला खोकल्याची कारणे शोधावी लागत नाहीत. वेचणीत रुई, खळ्यावर धूळ-भुस्सा, चुलीजवळ धूर. खरे कारण या सगळ्यांच्या मागे लपून बसते.

पंधरा दिवसांनी तो आठवडी बाजाराला गेला तेव्हा एका डॉक्टरकडे गेला. सुई आणि गोळ्यांची पट्टी मिळाली. आठ दिवस बरे वाटले. खोकला परतला. दुसऱ्या डॉक्टरने सलाईन लावले. तिसऱ्याने छातीचा फोटो काढला आणि जिल्ह्याच्या गावी पाठवले. चौथ्याने फोटो पाहिला, टीबी आहे म्हणाला आणि औषध लिहिले. औषध बरोबर होते, हे आम्हाला नंतर कळले. पण तोपर्यंत तीन महिने गेले होते, एका वेचणीचा सगळा कापूस गेला होता आणि या तीन महिन्यांत एकाही डॉक्टरने त्याचा बेडका तपासायला पाठवला नव्हता.

चौथा डॉक्टर चिठ्ठीवरून डोके वर न काढता म्हणाला, "सहा महिने घ्या." एवढेच. त्याचे नाव कुठे नोंदले गेले नाही. गोळ्या संपल्या की परत आला का, हे पाहणारा कोणी नव्हता. दोन महिन्यांत खोकला थांबला, ताप गेला, अंगावर मांस चढले. मृग लागला. हातात होते त्या पैशात एकतर महिन्याचे औषध येणार होते नाहीतर बियाण्याच्या थैल्या. त्याने बियाणे घेतले. आज इथे बसून त्याला मूर्ख म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही बियाणेच घेतले असते.

पुढच्या थंडीत खोकला परत आला तो रक्त घेऊन. या वेळी सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या यंत्रावर बेडका तपासला तेव्हा कळले, की क्षयावरचे सर्वांत जोरकस औषध, रिफाम्पिसिन, त्याच्या जंतूंना लागू पडत नाही. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीच्या मानेत गाठी आल्या होत्या. त्याही क्षयाच्याच निघाल्या. मुलगी सहा महिन्यांत बरी झाली. बापाला दीड वर्ष लागले. बैलजोडी विकली, वावर बटईने दिले. आज तो बरा आहे. पण बैलजोडी परत आलेली नाही.

यात आमचा वाटा आहे, तो लपवत नाही. "सरकारी दवाखान्यात काय ठेवले आहे?" हे वाक्य त्याने आमच्याच तोंडून शंभर सभांतून ऐकले होते.

बोंडअळीने शिकवलेला धडा

हे असे का होते, ते आपल्या वावरातून समजून घेऊ.

पऱ्हाटीवर फवारणी केली आणि शंभरातल्या नव्वद अळ्या मेल्या, तर दुसऱ्या दिवशी झाड टवटवीत दिसते. उरलेल्या दहा कोणत्या? त्यांतल्या काही औषधाला पुरून उरलेल्या असतात. पुढची पिढी त्यांची. नव्वदच्या दशकात हिरव्या बोंडअळीवर आपण एकाच जातीची औषधे पुन्हा पुन्हा मारली, कधी कमी मात्रेत, कधी दुकानदाराने सांगितलेली कोणतीही दोन मिसळून. अळी मरेनाशी झाली. २००२ मध्ये बीटी आले, २००६ मध्ये दुसरे बीटी आले. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे मिळत होते, ते बांधाने लावायचे होते, म्हणजे औषधाला न जुमानणारी अळी एकटी वाढली नसती. किती जणांनी लावले? हात वर करू नका, आम्हाला आकडा माहीत आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात बोंडे आतून पोखरली तेव्हा त्या चुकीचा हिशेब झाला.

क्षयाचा जंतू याच न्यायाने चालतो. रोग्याच्या छातीत कोट्यवधी जंतू असतात. त्यांत एखाद्या औषधाला दाद न देणारे मूठभर आधीपासूनच असतात. म्हणून एकच औषध कधी देत नाहीत. पहिले दोन महिने चार औषधे एकत्र देतात आणि पुढचे चार महिने तीन. एकाला चुकवणारा जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. मात्रा रोग्याच्या वजनावर ठरते. पस्तीस किलोच्या बाईला आणि पासष्ट किलोच्या गड्याला सारख्या गोळ्या चालत नाहीत. आणि सहा महिने का? पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढणारे जंतू मरतात, माणसाला बरे वाटते. पण काही जंतू झोपी गेल्यासारखे पडून असतात. त्यांना मारायला वेळ लागतो. बरे वाटणे म्हणजे बरे होणे नव्हे. पहिल्या फवारणीनंतर झाड टवटवीत दिसते, तेवढाच त्याचा अर्थ.

वावरात अर्धी फवारणी केली तर पीक आपले जाते. छातीत अर्धा इलाज केला तर तयार होणारा जंतू खोकल्यातून बायको-पोरांकडे जातो, शेजारी वेचणाऱ्या बाईकडे जातो, जीपमध्ये बसलेल्या पुढाऱ्याकडेही जातो.

आपण खासगी डॉक्टरकडे का जातो?

काही शहाणे लोक म्हणतात, खेड्यातली माणसे अडाणी, म्हणून फुकटचे सोडून पैशाचे औषध घेतात. शेतकरी वेडा नाही. तो जे करतो त्याला कारण असते. आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण तपासणी चालते ती नेमकी वेचणीच्या आणि डवरणीच्या वेळी. एक दिवस गेला तर एक रोज गेला. डॉक्टर असतीलच याची खात्री नाही, आणि थुंकी द्यायला एकदा व निकाल घ्यायला दुसऱ्यांदा, असे दोन रोज मोडतात. खासगी दवाखाना बाजाराच्या दिवशी उघडा, संध्याकाळी उघडा. डॉक्टर ओळखीचा, कापूस विकल्यावर पैसे दिले तरी चालतात. गावात कोणाला कळत नाही. ज्या घरात लग्नाची मुलगी आहे त्या घराला ही शेवटची गोष्ट सर्वांत मोठी वाटते. क्षयरोगाची गाडी दारासमोर उभी राहिली तर सोयरीक मोडते, हे त्यांना ठाऊक असते.

म्हणून खासगी डॉक्टरकडे जाऊ नका, असा ठराव मांडायला आम्ही उभे नाही. तो ठराव इथे पास होईल आणि घरी गेल्यावर कोणी पाळणार नाही. प्रश्न वेगळा आहे. माणूस ज्या दारात जातो, त्या दारात त्याला पूर्ण इलाज का मिळू नये?

आज काय होते ते ऐका. देशभरातल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१४ मध्ये हिशेब मांडला गेला. क्षयाचे निदान होईपर्यंत रोगी सरासरी पावणेतीन डॉक्टर फिरतो आणि लक्षणे सुरू झाल्यापासून इलाजापर्यंत सुमारे ५५ दिवस जातात. आमच्या कार्यकर्त्याने चार डॉक्टर आणि तीन महिने घेतले. म्हणजे तो काही जगावेगळा नव्हता.

या फिरण्यात नुसता वेळ जात नाही. खोकल्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या काही जोरकस जंतुनाशक गोळ्या क्षयाच्या जंतूला थोडे दाबतात, पुरते मारत नाहीत. लिव्होफ्लॉक्सॅसिन हे त्यातलेच. रोग झाकला जातो, निदान लांबते आणि हेच औषध पुढे हट्टी क्षयासाठी लागते तेव्हा त्याची धार गेलेली असते.

शंभर डॉक्टर, ऐंशी चिठ्ठ्या

मुंबईच्या धारावीत डॉ. मुकुंद उपळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने केलेली एक पाहणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. खासगी डॉक्टरांना विचारले, की क्षयाचा साधा रोगी आला तर कोणते औषध लिहाल? शंभर डॉक्टरांनी ८० तऱ्हांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. रोग एक, औषधे ठरलेली, आणि तऱ्हा ८०! वीस वर्षांनी, २०१० मध्ये, डॉ. झरीर उदवाडिया आणि उपळेकर यांनी तिथेच पुन्हा विचारले. १०६ डॉक्टरांनी ६३ तऱ्हा लिहिल्या आणि बरोबर चिठ्ठी लिहिणारे फक्त ६ निघाले. पुढे पाटणा आणि मुंबईत शिकवून तयार केलेली माणसे रोगी म्हणून दवाखान्यांत पाठवली गेली. शंभरातल्या सुमारे ३५ भेटींतच योग्य तपासणी किंवा योग्य सल्ला मिळाला.

हे सांगताना डॉक्टरांना शिव्या घालायचा हेतू नाही. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार चुकीचे औषध देतो तेव्हा तो दरवेळी लुबाडतच असतो असे नाही. त्याला कोणी शिकवलेले नसते आणि पुढच्या पिकाचे काय झाले ते सांगायला गिऱ्हाईक परत येत नाही. डॉक्टरचेही तेच. बरा झालेला येत नाही, औषध सोडलेला येत नाही, मेलेला तर येतच नाही.

आणि सरकारचे काय? १९५६ पासून मद्रासमध्ये झालेल्या प्रयोगाने सिद्ध केले होते, की क्षयाचा रोगी आरोग्यधामात न ठेवता घरी राहून औषध घेऊन तितकाच बरा होतो. त्या आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९९७ मध्ये तो सुधारून नवा केला, समोर बसवून गोळ्या देण्याची पद्धत आली, २००६ पर्यंत ती देशभर पोचली. त्यातून लाखो जीव वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. पण कार्यक्रमाच्या वहीत फक्त सरकारी दवाखान्यातला रोगी होता. बाजारात किती आहेत याचा हिशेब नव्हता. दुकानांतून विकल्या गेलेल्या औषधांवरून संशोधकांनी तो मांडला आणि २०१६ मध्ये छापला. २०१४ या एका वर्षात सुमारे २२ लाख रोग्यांना पुरेल एवढे औषध खासगीत खपले होते. आधीच्या अंदाजाच्या हे दुप्पट-तिप्पट. निम्मे पीक ज्याच्या सातबाऱ्यावर नाही तो पटवारी आणेवारी कशी काढणार?

गाठ कशी घातली गेली

२०१२ मध्ये हुकूम निघाला, की प्रत्येक डॉक्टरने, सरकारी असो वा खासगी, क्षयाचा रोगी शासनाला कळवलाच पाहिजे. त्यासाठी 'निक्षय' नावाची संगणकावरची नोंदवही सुरू झाली. त्याच वर्षी क्षयासाठी रक्तातून केल्या जाणाऱ्या फसव्या प्रतिपिंड चाचण्यांवर बंदी आली. २०१४ पासून क्षयाची मुख्य औषधे दुकानदाराने चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि वेगळ्या वहीत रोग्याचे नाव लिहून ठेवायचे, असा नियम लागू झाला. २०१८ मध्ये औषध दुकानदारांवरही कळवण्याची जबाबदारी आली आणि न कळवणाऱ्याला शिक्षेची तरतूद झाली.

पण नुसत्या हुकमाने काय होते ते आपण जाणतो. २०१३ मध्ये साऱ्या देशात खासगीतून कळवलेले रोगी होते सुमारे ३८ हजार. कुठे २२ लाख आणि कुठे ३८ हजार!

डॉक्टर का कळवत नव्हते? त्यांना भीती होती, की कळवले की सरकारी माणूस येऊन रोगी घेऊन जाईल. मग २०१४ च्या सुमारास मुंबई, पाटणा आणि गुजरातमधील मेहसाणा येथे उलटा विचार करून पाहिला. रोगी डॉक्टरकडेच राहू दे. डॉक्टरने फक्त नाव कळवायचे. त्या बदल्यात रोग्याला कूपन मिळेल. ते दाखवले की दुकानातून औषध फुकट, तपासणी फुकट किंवा स्वस्त, आणि पैसे सरकारी कार्यक्रम देईल. गोळ्या चालू आहेत की नाही हे फोन करून किंवा घरी जाऊन पाहणारा माणूस कार्यक्रमाचा. डॉक्टरची फी डॉक्टरला, रोग्याची लाज झाकलेली, आणि बेडका चांगल्या यंत्रावर गेला. तिन्ही ठिकाणी कळवलेल्या रोग्यांची संख्या झपाट्याने वाढली.

त्यातून पुढची व्यवस्था आली. रोगी कळवला की खासगी डॉक्टरला ५०० रुपये, इलाजाचा शेवट कळवला की आणखी ५००. रोग्याला पोषणासाठी २०१८ पासून महिन्याला ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये थेट खात्यात. रोगी खासगी डॉक्टरचा असला तरी नोंद असेल तर हे पैसे मिळतात, औषधही फुकट मिळू शकते. २०२३ मध्ये देशात नोंदलेल्या साडेपंचवीस लाख रोग्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश खासगीतून आले. ३८ हजारांवरून आठ लाखांवर. गाठ घालता येते, हे सिद्ध झाले.

मग दुखणे कुठे आहे? एक, ही गाठ शहरात पक्की बसली, आपल्या तालुक्यांत अजून ढिली आहे. दोन, नाव कळवले म्हणजे रोगी बरा झाला असे नाही. पाचशे रुपयांसाठी नाव चढते आणि सहा महिने कोणी विचारत नाही, असेही होते. तीन, सरकारने डॉक्टरला शिकवायचे आणि स्वतःच कमी पडायचे, हेही झाले आहे. २०२४ च्या सुरुवातीला देशात अनेक ठिकाणी सरकारी केंद्रांत क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडला होता. रोग्याला "गोळ्या चुकवू नको" म्हणणाऱ्यानेच गोळ्या चुकवायच्या, हे चालणार नाही.

सरकार नको म्हणणारे आज सरकारी गोळी कशी मागता?

हा प्रश्न आम्हाला कालच एका तरुण कार्यकर्त्याने विचारला. प्रश्न रास्त आहे. आपण जन्मभर सांगत आलो, की आम्हाला सूट-सबसिडी नको, घामाचे दाम द्या. मग टीबीचे औषध फुकट का?

उत्तर सरळ आहे. ज्वारी विकताना सौद्यात दोघे असतात, देणारा आणि घेणारा. टीबीच्या औषधाच्या सौद्यात तिसरा असतो. रोग्याने बियाणे घेतले आणि औषध सोडले, तर त्याची किंमत त्याची मुलगी चुकवते, शेजारी चुकवतो, आणि ते दोघे त्या सौद्याला हजर नसतात. जिथे तिसऱ्याचा जीव गुंतला तिथे ज्याला परवडेल त्याने औषध घ्यावे हा हिशेब चुकतो. गावाच्या विहिरीत औषध टाकायचे तर ज्याच्या घरातला माणूस आजारी पडला त्याच्याकडून वर्गणी घेत नाहीत. ही भीक नाही. आणि फुकटची गोळी हलकी, हाही समज सोडा. दुकानातल्या महाग पट्टीत जे चार औषधांचे मिश्रण असते तेच सरकारी पट्टीत असते.

आता करायचे काय?

भाषण ऐकून टाळ्या वाजवून जायचे असेल तर आम्ही इथेच थांबतो. करायचे असेल तर पाच कामे आहेत.

पहिले. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन, बेडक्यात रक्त, यांपैकी काहीही असेल तर रुईला दोष देऊ नका. बेडका तपासायचा, आणि तो सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर. जंतू आहे की नाही हे तर कळतेच, रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही हेही त्याच दिवशी कळू शकते. ही तपासणी सरकारी केंद्रात फुकट आहे. निदान रक्ताच्या चाचणीवर करू देऊ नका.

दुसरे. खासगी डॉक्टरकडे गेलात तर तीन प्रश्न विचारा. माझा बेडका तपासला का? औषध माझ्या वजनाप्रमाणे आहे का? माझे नाव निक्षयवर चढवले का? नम्रपणे विचारा, पण विचारा. वजनकाट्यावर कापूस घातला की आपण काटा पाहतो, तसेच. नाव नोंदलेले असेल तर ऊसतोडीला, वीटभट्टीला, मुंबई-पुण्याला गेले तरी तिथे औषध पुढे चालू ठेवता येते.

तिसरे. गोळ्या सुरू झाल्या की लघवी केशरी होते, त्याला घाबरू नका. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बरे वाटले म्हणून सोडू नका. घरातल्या सर्वांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्या. रोग नसेल तर तो होऊ नये म्हणूनही औषध मिळते. ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही, क्षय ताटातून येत नाही, हवेतून येतो. घरात वारा खेळू द्या, खोकताना तोंडावर रुमाल धरा. आणि रोग्याला पोटभर खाऊ घाला. झारखंडमध्ये रोग्याच्या घरच्या माणसांना दरमहा धान्य-डाळ दिल्यावर त्यांच्यात नव्याने छातीचा क्षय होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी झाले. ही पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. आपण तर डाळ पिकवणारे लोक.

चौथे. प्रत्येक तालुक्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी खासगी डॉक्टर आणि औषध दुकानदार यांची एक बैठक घ्यावी, तिथे तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकाला बोलवावे. घेराव घालायचा नाही, मोर्चा न्यायचा नाही. चहा पाजायचा आणि सांगायचे, की रोगी तुमचाच राहील, पण औषध ठरलेले द्या, नाव कळवा, गोळ्या चुकल्या तर आम्हाला सांगा. पर्यवेक्षकालाही सांगायचे, की तुमच्याकडे औषध संपले तर त्या दिवशीच कळले पाहिजे, मग मात्र मोर्चा येईल.

पाचवे. गावात ज्याला टीबी झाला त्याचे नाव चावडीवर येता कामा नये. सभेत नाही, फलकावर नाही. लाज वाटली की माणूस लपतो, लपला की औषध सुटते. वेचणीच्या दिवसांत त्याच्या वावरात दोन माणसे मदतीला गेली आणि कोणी काही विचारले नाही, तर ते भाषणापेक्षा जास्त उपयोगाचे आहे. मृगाच्या आधी त्याच्या घरी बियाणे आले की नाही, हे मात्र आवर्जून पाहा. औषध की बियाणे, हा प्रश्न त्याच्यापुढे पुन्हा उभा राहू देऊ नका.

आमच्या जीपमध्ये आता काचा उघड्या असतात, थंडी असली तरी. आम्हा चौघांची तपासणी झाली, काही निघाले नाही. दैव म्हणा.

मांडवाच्या डाव्या बाजूला टेबलावर वही ठेवली आहे. प्रत्येक तालुक्याने दोन नावे लिहायची, एक पुरुषाचे आणि एक बाईचे. डॉक्टरांच्या बैठकीची तारीखही आजच लिहायची. पुढच्या जिल्हा मेळाव्यात आम्ही हीच वही उघडून एकेका तालुक्याला विचारणार आहोत.